चौकटी मोजून काढलेला पक्षी

सोमवारी स्टुडिओ बंद असतो.
बाकीचे सहा दिवस मी माणसांना सांगते,
हनुवटी थोडी खाली, कान दिसू द्या,
आठ फोटो साठ रुपये.
सोमवारी कुणाला काही सांगत नाही.
कॅमेरा ओढणीखाली घेऊन
साखर पेठेतून अशोक चौकाकडे निघते.

भिंती पुष्कळ बोलतात इथं.
एकीवर तेलुगूत लग्नाचं आमंत्रण,
त्याखाली कन्नडमध्ये मूळव्याधीचा इलाज,
आणि दोन्हींवरून मराठीत, चुन्यानं, रागानं:
इथं थांबू नये.
त्या ‘थांबू नये’ला टेकून
पोशव्वा सुपात विडीची पानं कातरत बसलेली.
फोटो काढू का म्हटलं तर म्हणाली,
काढ की, पण आधी त्या समोरच्या भिंतीचा काढ.
मी उद्यापण असतेय. ती नसंल.

वळून पाहिलं.
बंद पडलेल्या मागाच्या शेडवर
माणसाहून उंच एक माळढोक.
पांढरी मान, काळी टोपी, छातीवर काळा पट्टा,
आणि सगळ्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या.
पंख वळत नव्हता, उतरत होता,
चादरीवरचा मोर उतरतो तसा.

मल्लेशम म्याकल शिडीवरच होते.
तीस वर्षं जकार्डची डिझाइनं काढली त्यांनी,
आलेखाच्या कागदावर, एकेक घर भरत.
भरलेलं घर म्हणजे पुठ्ठ्याला भोक,
भोक म्हणजे धागा वर.
“आता ते कॉम्प्युटर काढतंय.
मला गोल रेघ जमतच नाय, अक्का.
हात घरं मोजतोय.”
माळढोक पाहिलाय का कधी?
“नाय. तू नान्नजला जा, फोटो आण.
पायाला बोटं किती, तेवढं बघून ये.
तोवर पाय रिकामे ठेवतो.”

पुढच्या सोमवारी बार्शी रोडची एसटी.
फेब्रुवारीतला माळ, भाजक्या शेंगांच्या सालीच्या रंगाचा.
वनरक्षक गवसण्यांनी दुर्बीण दिली.
काळवीट दिसले. लांडग्याचा माग दिसला.
माळढोक?
“गेल्या पावसाळ्यात एक मादी. कदाचित. लांबून.”
‘कदाचित’ त्यांनी वहीतही लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.
मी गवताचे एकशेचाळीस फोटो काढले,
कुठंतरी असेल म्हणून.
फाट्यावर एका घराच्या भिंतीला सिमेंटची जाहिरात,
तिच्यात वाघ.
त्याच्या पंजाला नखं बरोबर होती.

म्याकलांना सांगितलं, नाही भेटला.
त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.
कॅमेऱ्याचा पडदा चष्म्याशी धरून
गवत मोठं करत गेले, मोठं, अजून मोठं,
आणि एकदम हसले.
“हे बघ, घरं!”
गवत संपून चौकटी लागल्या होत्या.
पिवळी, मातकट, पिवळी, पिवळी, एक काळी.
“ही काळी कोण?”
दगड असेल, म्हटलं. सावली.
“असंल,” म्हणाले, आणि ब्रश धुवायला घेतला.

पाय त्यांनी काढलेच नाहीत.
खाली गवत भरलं, घर मोजून,
माझ्या फोटोतल्या क्रमानं:
पिवळं, मातकट, पिवळं, पिवळं, एक काळं.

जूनमध्ये शेडमध्ये टॉवेलचं होलसेल निघालं.
शटरसाठी भिंत पोटापासून खाली फोडली.
म्याकल त्या वेळी भिवंडीला, मुलीकडे.
त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही,
मीही नाही.

पोशव्वा मंगळवारी स्टुडिओत आली,
विडी कामगाराच्या कार्डासाठी.
हनुवटी थोडी खाली, म्हटलं.
मागं काय लावणार? तिनं विचारलं.
पांढरा पडदा.
“तो पक्षी लाव की.”
सरकारी कामाला चालत नाही.
“मग वेगळा काढ.”

आठ पांढऱ्यावर.
नववा रस्त्यावर, शटरपाशी,
जिथं आता बोर्डाच्या वर
नुसती मान उरलीये.
ती आणि पोशव्वा दोघीही
माझ्याकडे न बघता
एकाच बाजूला बघतायत, हैदराबाद रोडकडे,
तिथून पाण्याचा टँकर येणार होता.

किती झाले, तिनं विचारलं.
साठच, म्हटलं.